बाईंची तीन मतं

बाईंशी बोलायचं म्हणजे आधी हात पुढे करावा लागे. त्या तुमचं मनगट धरत, डाव्या हातावरचं मोठं पुरुषी घड्याळ डोळ्यांजवळ नेत आणि म्हणत, "हं, बोला आता." मग तुम्ही बोलत राहायचं आणि त्या तुमची नाडी मोजत राहायच्या. तुम्ही दसऱ्याचं सोनं द्यायला गेलेले असा, नाहीतर भाजीच्या गल्लीत सहज भेटलेले असा, त्यानं काही फरक पडत नसे. बोलणं संपलं की बाई आकडा सांगत. "ब्याऐंशी. चहा कमी करा." किंवा, "शहाण्णव. यातलं निम्मं खोटं आहे." आणि पिशवी सावरत पुढे चालू लागत.

पस्तीस वर्षं त्या आमच्या भागातल्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून पक्षाच्या कामाला लागल्या. नारायण पेठेतली आणि शनिवार पेठेतली निम्मी तरुण मंडळी त्यांच्याच हातून जगात आलेली होती, त्यामुळे भलेभले त्यांच्यापुढे बोलायला कचरत. बाई चारचौघांत कोणाचं काय बाहेर काढतील याचा नेम नसे. तालमीतल्या एका वस्तादाला त्यांनी भर सभेत गप्प केलं होतं. "ओरडू नकोस. जन्मलास तेव्हा चापट्या मारमारून दमले मी, तेव्हा काही रडला नाहीस. तेव्हाच ओरडायचं होतंस." वस्ताद खाली बसला आणि सभा संपेपर्यंत हसला नाही.

मी त्यांच्या हातचा नव्हतो. मी साताऱ्याकडून आलेला, नारायण पेठेत छोटा छापखाना टाकून बसलेला. त्यामुळे मला त्या अहो-जाहो करत. मला तो माझा मान वाटायचा. पुढे एकदा त्यांनीच सांगितलं, "तुमचं वजन मला ठाऊक नाही ना, म्हणून जपून बोलते."

आता मतांचं सांगतो. आमच्या पक्षाची तेव्हा वॉर्डात एक समिती असे. महापालिकेची निवडणूक आली की ही समिती मतदान करून एक नाव ठरवी आणि ते नाव शहर शाखेकडे जाई. शहर शाखा त्यावर सही करून मोकळी होई. म्हणजे तिकीट खरं तर आमच्याच पंधरा-सोळा माणसांच्या हातात होतं, आणि त्यांतली तीन मतं बाईंची होती. एक त्यांचं स्वतःचं, एक शनिवार पेठेतल्या बांगडीवाल्या खालांचं आणि एक बालवाडी चालवणाऱ्या कुलकर्णीबाईंचं. ह्या दोघी बाई सांगतील तिथे मत टाकत. खालांची पाचही बाळंतपणं बाईंनी केली होती आणि कुलकर्णीबाईंना स्वतःचं मत ठरवण्याचा कंटाळा होता.

ही तीन मतं बाई विकत. हा शब्द त्यांचाच. दुसरं कोणी तो उच्चारलाही नसता. बाकीचे लोक मतं "देत" आणि मग वर्षभर भाच्याची नोकरी, दुकानाचा परवाना, शाळेतला प्रवेश असं काहीबाही हळूच मागत राहत. बाई आधी मागत, उघड मागत, आणि वस्तू हातात पडल्यावरच मत टाकत. "फुकट घेतलेलं मत माणूस विसरतो," त्या म्हणत. "मी काय दानधर्म करायला बसलेय?"

स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी काही मागितलं नाही. एका इच्छुकानं त्यांच्याकडे इरकली साडी पाठवली होती. बाईंनी ती ठेवून घेतली. त्याला वाटलं, काम झालं. चार महिन्यांनी त्याच्या सुनेला मुलगा झाला तेव्हा बाईंनी त्याच साडीची शिवलेली दोन दुपटी बारशाला नेली आणि मत दुसऱ्यालाच दिलेलं असल्याचं तिथे सांगितलं. दुपटी फार सुरेख होती. त्या घरात ती अजून जपून ठेवली आहेत असं ऐकतो.

त्यांच्या मागण्यांत एक गोम होती, ती मला फार उशिरा कळली. ज्याच्या हातात जे असेल तेच त्या मागत. चिटणीस व्हायला निघालेल्या एका गवळ्याला त्यांनी एवढंच सांगितलं की प्रसूतिगृहाच्या दारात म्हशी बांधू नकोस. त्यानं त्याच संध्याकाळी म्हशी हलवल्या आणि चिटणीस झाला. एका डॉक्टरांकडून गरीब बायकांना फुकट तपासायला आठवड्यातून एक सकाळ मागून घेतली. मोठमोठी आश्वासनं ऐकली की त्या मनगट सोडून देत. "निवडून आल्यावर" हे शब्द कानावर पडले की त्या हमखास जांभई देत, आणि ती जांभई खोटी नसे.

मला तिकीट हवं होतं. आता सांगायला हरकत नाही, मला ते फार म्हणजे फारच हवं होतं. दहा वर्षं मी पक्षाची पत्रकं छापली होती, रात्री भिंतीवर डकवली होती, तीन पडलेल्या उमेदवारांच्या मिरवणुकीत घसा बसवून घेतला होता. आता चौथ्या खेपेला उमेदवार आपण असावं, असं वाटण्यात काही गैर नव्हतं. माझ्या नावाचं पोस्टर मी मनातल्या मनात इतक्या वेळा जुळवलं होतं की नाव कोणत्या टायपात घ्यायचं हेसुद्धा ठरलं होतं.

समोर होते वखारवाले. शनिवार पेठेत त्यांची लाकडाची मोठी वखार होती आणि तिची मागची भिंत थेट भाजीच्या गल्लीला लागून होती. माणूस वयानं माझ्याएवढा, गोरागोमटा, भाषणात शब्द विसरणारा. बाई त्याला "अरे" म्हणत. तो पायाळू जन्मलेला. "उलटाच आला मेला," असं त्याच्या तोंडावर सांगत, आणि तो हसून खाली वाकून नमस्कार करी. मला त्या नमस्काराचा राग येई, कारण तो मनापासून केलेला असे.

दोघा उमेदवारांना सोडून पंधरा मतं होती. माझी आठ पक्की होती. ती मी प्रत्येकाच्या घरी चहा पिऊन, तोंडानं वदवून घेतली होती. वखारवाल्यांची चार. बाईंची तीन अजून कोणाचीच नव्हती. ती मिळाली असती तर अकरा विरुद्ध चार असा थाटात निकाल लागला असता, आणि मला थाट हवा होता.

मतदानाला दहा दिवस असताना बाई माझ्या छापखान्यात आल्या. सकाळची वेळ, ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका चाललेल्या. बाईंच्या बरोबर भाजीच्या गल्लीत बसणारी एक म्हातारी होती. ती धायरी गावची. पहाटेच्या पहिल्या गाडीनं मेथी-कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन यायची आणि दिवेलागणीला परत जायची. अशा पंधरा-वीस जणी त्या गल्लीत बसत.

बाईंनी माझं मनगट धरलं आणि म्हातारीला म्हणाल्या, "सांग यांना."

म्हातारी माझ्याकडे न बघता मशीनकडे बघत बोलली. "काय सांगायचं, दादा. आमी दिवसभर पानी पीत न्हाई. पानी प्यालं की पंचाइत हाय. बापय गडी जात्यात कुटंबी भिंतीला. आमी कुटं जावं? पोरीबाळी हायत्या, त्यास्नी तर लईच तरास हाय."

"उन्हाळ्यात तिघी माझ्या समोर चक्कर येऊन पडल्या," बाई म्हणाल्या. "लघवीची आग आग होते, ताप येतो, आणि सांगायची सोय नाही. तुमच्या छापखान्याच्या मागे संडास आहे ना? गल्लीकडून दार आहे त्याला. ते दिवसा या बायकांसाठी उघडं ठेवा. माझी तीन मतं तुमची."

आता त्या संडासाबद्दल सांगायला हवं. तो साधा संडास नव्हता. पेठेत तेव्हा बहुतेक ठिकाणी टोपलीचे, रोज हातानं उपसायचे संडास होते. मी दोन वर्षं अर्ज करून, खेटे घालून फ्लशचा संडास बांधून घेतला होता. खाली पांढऱ्या फरश्या, वर साखळी. साखळी ओढली की जो आवाज होई तो ऐकायला पहिल्या आठवड्यात शेजारपाजारचे लोक आले होते. त्याची किल्ली मी जानव्याला बांधत असे. माझ्या छापखान्यातले कंपोझिटरसुद्धा कोपऱ्यावरच्या सार्वजनिक संडासात जात, तो पुरुषांचा होता. फरश्या खराब होतील ही माझी भीती खरी होती. पण मनात दुसरंही काही होतं. चिखलानं भरलेल्या पायांनी, कुठल्या कुठल्या गावच्या बायका आपल्या जागेत येणार, ही कल्पनाच मला सोसेना. पक्षाच्या व्यासपीठावरून मी समतेवर बोलत असे, आणि बरं बोलत असे. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मी त्यांना म्हणालो, "बाई, असा एखाद्या खाजगी संडासानं प्रश्न सुटणार आहे का? मी निवडून आल्यावर पहिल्याच सभेत ठराव मांडतो. संपूर्ण शहरात, प्रत्येक मंडईत, स्त्रियांसाठी..."

बाईंनी जांभई दिली. मग म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव. मी उद्या परत येते."

हीसुद्धा त्यांची पद्धत होती. माणसाला विचार करायला एक रात्र देत. मी ती रात्र ठरावाचा मसुदा लिहिण्यात घालवली आणि सकाळी तो स्वतः जुळवून, चांगल्या कागदावर छापून ठेवला. बाई आल्या. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या तो पूर्ण वाचला.

"सुबक छापलाय," त्या म्हणाल्या. "पण यात बसायचं कुठे?"

मशीनवरचा माणूस फस्सकन हसला. मी त्याच्यावर ओरडलो. बाई कागदाची घडी घालून पिशवीत टाकून निघून गेल्या. त्या कागदाचं त्यांनी काय केलं ते मी कधी विचारलं नाही.

घरी हे सगळं सांगितल्यावर बायको म्हणाली, "अहो, मग द्या की किल्ली."

"प्रश्न किल्लीचा नाही, तत्त्वाचा आहे. मतासाठी देवाणघेवाण करणं मला पसंत नाही."

"मत राहू दे बाजूला. नुसती किल्ली द्या."

मी पंचा घेऊन आंघोळीला गेलो.

तिकडे बाई वखारीत गेल्या. तिथे नक्की काय बोलणं झालं ते मला नंतर वखारवाल्यांनीच सांगितलं. बाईंनी मनगट धरलं, मागणी सांगितली. वखारीतला संडास मागच्या भिंतीलगत होता, पण त्याचं दार आतल्या बाजूला होतं. वखारवाले म्हणाले, "बाई, भिंत फोडावी लागेल." बाई म्हणाल्या, "मग फोड." वखारवाल्यांनी गवंड्याला बोलावलं. तिसऱ्या दिवशी भाजीच्या गल्लीतून भिंतीत एक दार पडलेलं होतं, त्याला नवी कोरी कडी होती, आणि दाराशी सागवानी फळीचं बाक टाकलेलं होतं, वाट बघणारीला बसायला. बाकाची कल्पना वखारवाल्यांची स्वतःची. मी ते दार जाऊन पाहिलं. पाहिलं म्हणजे गल्लीतून वांगी घेत घेत तिरक्या नजरेनं पाहिलं. फ्लश नव्हता.

तरी माझी आठ मतं होती. चार आणि तीन सात होतात. थाट गेला, पण तिकीट शाबूत होतं. मी शांत झोपलो.

मतदान रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. आमच्या समितीत मतदानाची एक जुनी रीत होती. सुरुवातीच्या काळात काही सभासदांना लिहिता येत नसे, म्हणून चिठ्ठीऐवजी एकाच्या नावची सुपारी आणि दुसऱ्याच्या नावची खारीक असा प्रकार रूढ झाला होता. पुढे सगळे लिहायला शिकले तरी रीत राहिली. प्रत्येकाला एक सुपारी आणि एक खारीक मिळायची. अध्यक्षांचं भाषण झालं की एकेकानं पडद्याआड जायचं, हवी ती वस्तू तांब्याच्या कलशात टाकायची आणि उरलेली बाजूच्या टोपलीत. वाटपाचा मान बायकांत वयानं मोठ्या असलेल्या बाईंचा.

"कोणाची काय?" बाईंनी ताट हातात घेऊन आम्हां दोघांना विचारलं.

वखारवाले म्हणाले, "मला काहीही चालेल."

मी लगेच म्हणालो, "सुपारी माझी." शुभकार्यात गणपती म्हणून आपण सुपारीच मांडतो. तिकिटाला यापेक्षा चांगला शकुन कोणता?

बाईंचा वाटायला निघालेला हात थांबला. "विचार करून मागताय ना?"

"अगदी विचार करून."

"बरं," म्हणाल्या, आणि वाटायला लागल्या.

अध्यक्षांचं भाषण सव्वा तास चाललं. त्यांना वाटे की ज्या अर्थी लोक उठून जात नाहीत त्या अर्थी त्यांना अजून हवं आहे. दारं बंद, पंखा एकच. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझ्या मागेच एक वृद्ध वकीलसाहेब बसले होते, माझे अगदी खात्रीचे, माझ्या आठांतले पहिले. भाषणभर त्यांच्याकडून अडकित्त्याचा आवाज येत होता. कट्, कट्, कट्. मला तो आवाज मोठा धीर देणारा वाटला, आपला माणूस मागे आहे म्हणून.

कलश उपडा केला. खारका आठ, सुपाऱ्या सात.

मला प्रथम वाटलं, मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजल्या. मग टोपली मोजली. तिच्यात सात खारका आणि सातच सुपाऱ्या होत्या. म्हणजे वाटलेल्या पंधरा सुपाऱ्यांतली एक कुठेच नव्हती. सगळे एकमेकांच्या पायांखाली बघू लागले. तेवढ्यात वकीलसाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"अरे देवा," ते म्हणाले. "ती मी खाल्ली."

"भाषण लांबलं हो. हातात अडकित्ता होता. सवयीनं... मग माझी पाळी आली तर हातात एवढी खारीकच होती. म्हटलं, कलशापुढे रिकाम्या हातानं कसं जायचं, बरं दिसत नाही. टाकली."

पुढची पाच मिनिटं हॉलभर नुसतं हसू होतं. अध्यक्षसुद्धा टेबलाला धरून हसत होते. मी हसत नव्हतो. मी उभा राहून फेरमतदान मागितलं. वकीलसाहेब बिचारे म्हणाले, "घ्या, घ्या, मी आता तोंड बंद ठेवतो." अध्यक्षांनी डोळे पुसत निर्णय दिला, सगळ्या पंधराजणांची संमती असेल तर पुन्हा मतदान घेऊ. हात वर झाले. वखारवाल्यांच्या माणसांनीही वर केले, मला हे मान्य करावंच लागेल. कारण वखारवाले स्वतः त्यांना म्हणाले होते, "करा रे, चुकून झालंय." खालांनी आणि कुलकर्णीबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा हात पिशवीवर होता, तो तिथेच राहिला.

"बाई, ही उघड उघड चूक झाली आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"झालीय," बाई म्हणाल्या. "पण याची भिंतही फुटलीय. ती मी फोडायला लावली. वकिलांनी सुपारी खाल्ली ती तुमची आणि त्यांची गोष्ट आहे. मी माझा शब्द मागे घेणार नाही."

त्यांचा हात वर झाला नाही. वखारवाल्यांचं नाव शहर शाखेकडे गेलं.

पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी भांडत होतो. "तुम्ही मत विकलंत, बाई. दहा वर्षं राबलेल्या माणसाला सोडून तुम्ही मत विकलंत."

"विकलं," बाई म्हणाल्या. "पण आधी तुमच्याच दारात आणलं होतं. दोनदा."

"आणि सुपारी? वकीलसाहेब सुपारी खातात हे तुम्हांला ठाऊक होतं ना?"

"पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारी तुम्ही मागितलीत." मग त्यांनी माझं मनगट धरलं. घड्याळाकडे पाहत राहिल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं असावं. "एकशे चार. घरी जा, पाणी प्या, कोणाशी बोलू नका."

वखारवाले निवडून आले. चांगले नगरसेवक निघाले. भाषणात शब्द विसरायचे ते शेवटपर्यंत विसरले, पण दोन टर्म टिकले, आणि भाजीच्या गल्लीत बायकांसाठी पालिकेचा पक्का संडास त्यांनीच बांधून घेतला. पक्षाची पत्रकं मीच छापत राहिलो. मला पुन्हा कधी तिकीट मिळालं नाही, मीही मागितलं नाही. पोस्टरवर ज्या टायपात माझं नाव घ्यायचं होतं त्या टायपात पुढे मी शेकडो नवरा-नवरींची नावं छापली, आणि ते टाईप तिथे शोभून दिसले. आता या वयात मागे बघताना मला खरंच बरं वाटतं. मी नगरसेवक झालो असतो तर ठराव पुष्कळ मांडले असते.

बाई ऐंशी पार करून गेल्या. शेवटच्या आजारात तरुण डॉक्टर नाडी बघायला आला तर त्यांनी हात काढून घेतला आणि स्वतःच मोजून त्याला आकडा सांगितला. तो लिहून घेत असताना त्याचंही मनगट धरलं. "तू जेवला नाहीस सकाळपासून," म्हणाल्या. मी तिथे होतो. त्यांचं असं काही झालं की मला वाटे, आपणही यांच्याच हातून जन्मायला हवं होतं.

पण मला सांगायचं होतं ते त्या रविवारनंतरच्या सोमवारबद्दल. रात्रभर मी तळमळत होतो. सकाळी उठलो, छापखाना उघडला आणि काय वाटलं कोण जाणे, जानव्याची किल्ली सोडली, गल्लीकडच्या दाराचं कुलूप काढलं आणि दार सताड उघडं टाकलं. चांगुलपणा सुचला होता असं मी म्हणणार नाही. मी चिडलो होतो. बाईंवर, वकीलसाहेबांवर, त्या पांढऱ्या फरश्यांवरसुद्धा. आता याचं कुलूप सांभाळून करायचं तरी काय, असं झालं होतं. भाजीच्या गल्लीत जाऊन मी त्या धायरीच्या म्हातारीला सांगितलं, "मावशी, वखारीत रांग असली तर माझ्याकडे या. साखळी ओढायची, पाणी आपोआप येतं." तिनं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. मग शेजारणीला म्हणाली, "जा गं तू आदी. बग कसं हाय त्ये." शेजारीण गेली. आतून साखळीचा तो मोठा आवाज आला, आणि गल्लीतल्या सगळ्या जणी एकदम हसल्या.

अकराच्या सुमाराला बाई आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी उघडं दार पाहिलं, बाहेर उभ्या असलेल्या दोन बायका पाहिल्या, आणि सरळ माझ्यासमोर येऊन माझा हात धरला.

"हे कशासाठी?" त्या म्हणाल्या. "मतदान तर काल झालं."

"काही नाही."

"चिटणीसपद हवंय? पुढच्या खेपेचं तिकीट?"

"काही नको, बाई. किल्ली जड झाली होती."

त्या मोजत होत्या. मिनिट संपलं, पण त्यांनी आकडा सांगितला नाही. हात सोडला, घड्याळ सारखं केलं. प्रसूतिगृहातून निवृत्त झाल्यापासून पाच वर्षं ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेठांमधून पायी फिरत होती, घरोघरी, दवाखान्यात, सभांना. त्यांच्या हातात पाण्याचा पेला मी कधीच पाहिला नव्हता. हे माझ्या लक्षात त्या क्षणापर्यंत आलं नव्हतं.

त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, बाहेरच्या दोघींना म्हणाल्या, "आधी मी जाऊ का गं?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं.